वाढ

कॅलम म्हणाला, घर घ्यायचंय, पण कर्ज कोण देणार,
मला तर फक्त चौतीस हजार.
मी हातातल्या काचेच्या बशीवर झाकण ठेवलं.
त्या "फक्त"च्या आत माझे साडेचार हजार पौंड होते,
दर वर्षाचे.

त्याला मीच शिकवलंय. हॅडॉकच्या कल्ल्याखालून नमुना कसा घ्यायचा,
लिस्टेरियाचे ठिपके कसे ओळखायचे,
पहाटेचा ट्रक येण्याआधी बोटं शेकायला
कुठल्या कपाटामागे हीटर लपवलाय.
पोरगा वाईट नाही. माझं तोंड पाहून
कानांपर्यंत लाल झाला.
म्हणाला, मला वाटलं, तुला जास्तच असेल.

ग्रिम्सबीत संध्याकाळी चारलाच अंधार.
क्लीथॉर्प्सच्या बसमध्ये वाफाळलेल्या काचेवर
साडेचार गुणिले चार लिहिलं,
उत्तर आलं तसं बाहीनं पुसून टाकलं.
शेजारची बाई म्हणाली, थंडी आहे ना.

नऊ वर्षं मी पगार रुपयांत मोजला.
शंभरानं गुणलं की कुठलाही आकडा
जयसिंगपुरात सांगण्याजोगा होतो.
गच्चीवर पत्रा पडला, बाबांचे दोन्ही मोतीबिंदू निघाले,
आणि मी त्या गुणाकाराच्या उबेला बसून राहिले.
वजाबाकी म्हणूनही काही असतं
हे शाळेनंतर आठवलंच नाही.

आमच्याकडे पानावर हात आडवा धरतात.
पुरे, पुरे, अगदी पुरे.
आणि वाढणारी बोटांच्या फटीतून
आणखी एक जिलबी सोडते.
तो हात खोटा, हे दोघींनाही ठाऊक असतं.

दर मार्चला बेव्हर्ली विचारायची, सगळं ठीक? काही हवंय?
मी म्हणायचे, छे, मस्त चाललंय.
नऊ मार्च.
नऊही वेळा तिनं ते खरं मानलं,
चौकटीत खूण केली
आणि पातेलं घेऊन पुढच्या पानाकडे गेली.

भांडी घासता घासता सराव केला.
हेरंब ओट्याला टेकून ऐकत होता.
म्हणाला, तू इंग्रजीतसुद्धा "जरा" म्हणतेस.
पुन्हा म्हटलं.
म्हणाला, अजून आहे, शेवटच्या वाक्यात.
कढई दोनदा घासून झाली.

बेव्हर्लीच्या खोलीत रेडिएटरवर तिचे मोजे वाळत होते.
बाहेर सीगल कुणाच्या तरी चिप्सवरून भांडत होते.
मी म्हटलं, छत्तीस.
तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून बसलेले,
न पटणाऱ्यांसाठी आमच्या भाषेनं ठेवलेला आकडा.
तिच्या कागदावर ते दोघे इंग्रजीत उमटले,
तिला त्यांच्या पाठी दिसल्या नाहीत.
मागोमाग माझ्या तोंडात एक "पण" आला होता.
गिळला.
माशाच्या काट्यासारखा गिळला,
मी, जिनं आयुष्यात मासा खाल्लेला नाही.

ती म्हणाली, तू कधी बोलली नाहीस.
हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं.
म्हटलं, आज बोलतेय.

तीन आठवड्यांनी बोलावलं.
वरच्यांशी झगडले मी, म्हणाली, आणि कागद पुढे सरकवला.
बत्तीस हजार पाचशे.
कॅलमपेक्षा दीड हजार कमी.
तिचा चेहरा खरंच दमलेला होता.
ठीक आहे ना? तिनं विचारलं,
आणि माझा उजवा हात सवयीनं आडवा व्हायला निघाला.
टेबलाखाली डाव्यानं मी तो धरून ठेवला.

नाही, म्हटलं. अजून वाढ.

हे मराठीत निघालं तोंडून.
ती, काय म्हणालीस, म्हणत
पेन शोधू लागली.